वाळू कुठली

करावे गावाच्या मागे, तिवरं संपतात तिथं
हा बसलेला आहे गुडघाभर चिखलात,
कपाळावर एकच आडवी फट.
फलकावर त्याचं नाव तीन ओळींचं.
गावात म्हणतात पिलबाक.
सासूबाई म्हणायच्या, मुका.

महिन्याला साडेअकरा हजारांवर
मी त्याची राखण करते.
खिळा ठोकायचा नाही, जाळं वाळत घालायचं नाही,
आत मुतायचं नाही, नावं कोरायची नाहीत.
आतल्या भिंतीवर आधीच कोरलेलं एक आहे,
‘पोशा’, त्यातला श उलटा.
ते आता संरक्षित आहे.

लढाई येणार होती ती ह्या फटीतून दिसणार होती.
आली नाही.
चार शिपाई दोन पावसाळे बसून राहिले,
ओहोटीला निवट्या मोजत.
एकाला हिवताप झाला.
एवढीच काय ती पडझड.

गेल्या बुधवारी संवर्धनवाल्या बाई आल्या.
छोट्या हातोडीनं भिंतभर ठकठक,
आवाज पोकळ आला तिथं खडूनं गोल.
चौदा गोल झाले.
म्हणाल्या, आतलं लोखंड फुगलंय. मीठ.
बाहेरून शिरलेलं नाही हे, मुळातच आहे.
वाळू खारी होती.
मग माझ्याकडे वळून,
वाळू कुठली, गावात कुणाला माहीत असेल?

मी म्हटलं, कुणास ठाऊक.
किती वर्षं झाली.

आमच्या पडवीत सगळ्यांना माहीत होतं.
पोशा म्हणजे माझे आजेसासरे.
होडीनं रेती ओढायचे, खेपेला दहा आणे.
ती धुवायला ठेकेदारानं
गोड्या पाण्याची सोळा पिंपं धाडली
बैलगाड्यांवरून, पहाऱ्यासकट.
वैशाख होता. गावची विहीर मचूळ,
तिचाही तळ दिसत होता.
पहारेकरी झोपला, का त्याला झोपवला,
ह्यावर घरात दोन मतं.
रात्री बायका हंडे घेऊन बांधावर,
आणि पोशा एकेका पिंपाचं बूच काढत
‘आमाला पियाला पानी नाय,
नि भिंतीला कं पाजाचं?’

वाळू गेली तशीच, घमेल्याघमेल्यानं,
मिठासकट, शिंपल्यांसकट.
त्या साली गावात एकही पोर हगवणीनं गेलं नाही,
सासूबाई सांगायच्या.
त्या ह्याच गावच्या, तेव्हा पाळण्यात होत्या.
पुरावा म्हणून स्वतःकडे बोट दाखवायच्या.

आता भिंतीतलं मीठ काढायचं
तर कागदाच्या लगद्याचे ओले लेप, पंधरा पंधरा दिवस.
त्याला खाडीचं चालत नाही, नळाचंही नाही,
वेगळं गाळलेलं लागतं.
त्याचा टँकर येतो. वर पाटी,
फक्त स्मारकासाठी.

माझ्या घराला तीन नोटिसा आहेत.
गावठाणाबाहेर, विनापरवाना, गरजेपोटी.
‘गरजेपोटी’ हा शब्द त्यांचाच,
आम्ही शोधला नाही.
त्या घराची वाळू धुतलेली होती.
पावती आहे.

काल टँकरवाला चहाला गेला.
घरी पाणी येतं, सकाळी दीड तास, पुरतं.
तहान म्हणावी तर तीही नव्हती.
तरी चावी फिरवली, तांब्या धरला,
आणि फटीसमोर उभी राहून प्याले,
बघायचं तर बघू दे त्याला.

पाण्याला चवच नव्हती.
खारट नाही, गोड नाही,
जसं कुणी पाण्यातून पाणीच काढून घेतलंय.
अर्ध्या तांब्यावर थांबले.
उरलेलं काय करावं कळेना,
तेव्हा बाईंनी खडूनं केलेल्या नवव्या गोलात ओतलं.
भिंतीनं ते लगेच घेतलं.

मग नोंदवहीत लिहिलं
टँकर एक, पूर्ण भरलेला, मिळाला.
तडे जाण्याचं कारण ह्या रकान्यात
बाईंनी प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.
त्याला मी हात लावला नाही.